हुकूम कुणाचा, परिणाम कुणावर?

गेम बाजारात पाठवण्याआधी उरकायच्या कामांच्या यादीत एक काम बहुतेक ठिकाणी असतं: कन्सोल बंद करणं. गेम चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेतून जी काळी पट्टी खाली उतरते, तो कन्सोल. तिच्यात एक ओळ टाइप करून एंटर दाबलं की गेमचं इंजिन सांगितलेलं करतं. गुरुत्वाकर्षण कमी होतं, नकाशा बदलतो, सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, उमटताहेत त्याचा आकडा कोपऱ्यात दिसू लागतो. बनवणाऱ्यांचं या पट्टीवाचून पान हलत नाही. तरीही गेम खेळणाऱ्याच्या हाती पडायच्या आत ती काढून घेतली जाते. अनरिअल इंजिनमध्ये बाजारात पाठवायची आवृत्ती तयार केली की कन्सोल मुळातच बंद असतो. उघडा ठेवायचा तर मुद्दाम तशी तजवीज करावी लागते.

का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं. लोक चीटिंग करतील, काहीतरी मोडून ठेवतील आणि तक्रार घेऊन आपल्याकडे येतील. ही भीती खोटी नाही. तिच्यावर शोधलेला उपाय मात्र आळशी आहे. टाइप केलेल्या ओळीचे शब्द सुटे करून त्यांचा अर्थ लावणारा कोड कुठलाही बरा विद्यार्थी चार दिवसांत लिहील. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे: कुठली कमांड कुणी द्यावी, केव्हा द्यावी आणि दिल्यावर तिचा भार कुणावर पडतो? हा प्रश्न नीट सोडवला तर पट्टी उघडी ठेवता येते. सोडवायचा कंटाळा केला की कुलूप लागतं.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पाहायला मिळतात. एक इथल्या सायबर कॅफेंमध्ये होती. दुसरी कल्याण स्टेशनाच्या सिग्नल पॅनलवर आजही आहे.

काउंटर स्ट्राइक या गेमची १.६ ही आवृत्ती २००३ साली आली आणि पुढची कित्येक वर्षं इथल्या कॅफेंवर तिचंच राज्य होतं. इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा नाहीतर जिन्याखालचा गाळा, दाटीवाटीने मांडलेले आठ-दहा पीसी, भिंतीवरून फिरवलेली लॅनची निळी वायर, तासाला दहा-वीस रुपये आणि क्लास सुटल्यावर 'सीएस' खेळायला जमलेली पोरं. "डस्ट टू लाव रे", "पैसे सोळा हजार कर", "फ्रेंडली फायर ऑफ कर" असे हुकूम तोंडी सुटायचे. ज्याने गेम 'क्रिएट' केला असेल तो पोरगा एस्केपच्या खालचं टिल्डचं बटण दाबायचा आणि टाइप करायचा: एमपी_स्टार्टमनी १६०००. मग एसव्ही_रीस्टार्ट १, म्हणजे नवा पैसा घेऊन डाव पहिल्यापासून. कंटाळा आला की एसव्ही_ग्रॅव्हिटी २००. मूळ आकडा ८००. तो चौथाईवर आला की उडी मारणारा माणूस हवेत तरंगत राहायचा आणि गाळ्यात एकच हशा पिकायचा.

या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, पण नावांच्या सुरुवातीची दोन अक्षरं त्यांनी बरोबर ओळखली होती. 'सीएल'ने सुरू होणारं नाव आपल्या पीसीपुरतं. 'एसव्ही'ने सुरू होणारं सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांचं. 'एमपी' म्हणजे सामन्याचे नियम. सीएल कुणीही बदलावं, त्यावर वाद नसे. एसव्ही बदलायचं तर गेम क्रिएट करणाऱ्याला सांगायचं, आणि तो ऐकत नसेल तर भांडायचं. कमांडच्या अधिकाराची अख्खी रचना दोन अक्षरांत मावलेली होती आणि दहावीतला मुलगा ती सहज पाळत होता.

कॅफेतल्या पीसींवर बहुधा डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असायचं. पीसी रीस्टार्ट झाला की आदल्या माणसाने केलेले सगळे बदल पुसले जात. त्यात त्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या पाचवीला पुजलेलं भारनियमन. म्हणून पक्का खेळाडू आपली 'कॉन्फिग' पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायचा. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर काय दिसे? पहिल्या काही ओळी बाइंडच्या: अमुक बटण दाबलं की अमुक बंदूक विकत घे. मग सेन्सिटिव्हिटी आणि पुढे माउसच्या वेगाचा आकडा. मग रेट २५०००, सीएल_अपडेटरेट १०१, म्हणजे सर्व्हरकडून माहिती किती आणि किती वेळा मागवायची. शेवटी नेट_ग्राफ ३, म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि फ्रेमचे आकडे सतत डोळ्यांसमोर. यातली प्रत्येक ओळ जशीच्या तशी कन्सोलमध्ये टाइप करता येते. कॉन्फिग म्हणजे आधीच टाइप करून ठेवलेला कन्सोल. मित्राची घ्यावी, दोन ओळी बदलाव्यात, तिसऱ्याला द्यावी, असा तिचा प्रवास ठाण्याच्या नौपाड्यातून डोंबिवलीच्या मानपाडा रोडपर्यंत होत असे. मेनूतल्या खुणा आणि सरकपट्ट्या अशा हातोहात देता येत नाहीत.

डूम या १९९३ सालच्या गेममध्येही गुप्त अक्षरं टाइप करून अमर होता यायचं. तो जादूचा मंत्र होता. माहीत असेल तर चालतो, नसेल तर नाही, आणि त्याला प्रश्न विचारता येत नाही. कन्सोलला विचारता येतं. एसव्ही_ग्रॅव्हिटी एवढंच टाइप करून एंटर दाबलं की तो सध्याची किंमत सांगतो. समोरच्या यंत्रात काय चाललंय ते विचारण्याचा हा अधिकार हुकूम देण्याच्या अधिकाराहून जास्त मोलाचा आहे. आज बँकेच्या ॲपपासून सरकारी पोर्टलपर्यंत सगळीकडे "काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा" एवढ्यावर आपली बोळवण होते. त्या मानाने वीस वर्षांपूर्वीच्या गाळ्यातला पोरगा सुखी होता. लॅग आला, म्हणजे खेळ अडखळू लागला, तर पिंग किती, पॅकेट किती गळताहेत, हे त्याला पडद्यावर दिसायचं आणि दोष नेटचा की पीसीचा ते तो ठरवू शकायचा.

कन्सोलच्या या यंत्रणेचा पाया १९९६ सालच्या क्वेक या गेममध्ये आहे. आयडी सॉफ्टवेअरमध्ये जॉन कारमॅक यांच्या नेतृत्वाखाली लिहिलेलं हे इंजिन व्हॉल्व्ह कंपनीने परवाना घेऊन बदललं आणि त्यावर १९९८ साली हाफ-लाइफ हा गेम उभा केला. हाफ-लाइफवर मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये काउंटर स्ट्राइक रचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्वेकचा सोर्स कोड खुला झाला, त्यामुळे ही पट्टी आतून कशी चालते ते आज कुणालाही वाचता येतं.

कन्सोल उघडला की कीबोर्डवरची अक्षरं गेमकडे न जाता पट्टीकडे जातात. एंटर दाबल्यावर ओळ तिथल्या तिथे अमलात येत नाही. ती एका रांगेत जाऊन बसते आणि इंजिन प्रत्येक फ्रेमच्या ठरलेल्या टप्प्यावर ती रांग रिकामी करतं. हे विचारपूर्वक केलेलं आहे. शत्रूची हालचाल अर्धी मोजून झाली असताना मध्येच कुणी नकाशा बदलला तर इंजिन कोसळायचंच. रांगेतून बाहेर आलेल्या ओळीचे शब्द सुटे होतात आणि पहिल्या शब्दाचा शोध सुरू होतो: आधी कमांडच्या यादीत, मग खेळाडूने स्वतः ठेवलेल्या टोपणनावांत, मग किंमत साठवणाऱ्या व्हेरिएबलांमध्ये. व्हेरिएबलचं नुसतं नाव असेल तर त्याची किंमत छापली जाते, पुढे आकडा असेल तर किंमत बदलते. कुठेच सापडलं नाही तर कमांड अनोळखी असल्याचं उत्तर येतं.

खरी हुशारी रांग एकच असण्यात आहे. बाइंड केलेलं बटण, कॉन्फिग फाइल, गेम सुरू करताना जोडलेले पर्याय आणि मेनूतल्याही बऱ्याच निवडी अखेर ओळी बनून याच रांगेत येतात. त्यामुळे गेममध्ये जे करता येतं ते लिहून ठेवता येतं आणि जे लिहिता येतं ते पुन्हा घडवता येतं. एखादा दोष कसा घडवायचा हे सांगायला चार ओळी पुरतात. चाचणी करणाऱ्याने रात्री दोनशे ओळींची फाइल लावून जावं आणि सकाळी निकाल पाहावा. उडी किती उंच हवी हे ठरवणाऱ्या डिझायनरला प्रत्येक आकड्यासाठी प्रोग्रामरच्या मागे लागून गेम नव्याने बांधून घ्यावा लागत नाही. तासाभरात तो पन्नास आकडे चाखून पाहतो. एवढं सगळं करणाऱ्या क्वेकच्या तीन फाइली, कमांडची, व्हेरिएबलची आणि कन्सोलची, मिळून दोन हजार ओळींच्या आत बसतात.

पण एकच रांग ठेवण्याची किंमतही मोजावी लागते, आणि कुलूपवाल्यांचा पक्ष इथे सर्वात भक्कम आहे. क्वेकच्या घराण्यात सर्व्हरलाही खेळाडूच्या रांगेत ओळ टाकता येत होती. हेतू चांगला होता. नकाशा बदलला की सर्वांच्या यंत्रांना एकदम सांगता यावं. काउंटर स्ट्राइकच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरांनी त्याचा पुरेपूर गैरफायदा घेतला. अनोळखी सर्व्हरवर दोन डाव खेळून यावं आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर आपलं नाव बदललेलं, बाइंड उलटीपालटी झालेली, एखादं बटण दाबलं की भलत्याच सर्व्हरशी जोडणी. खेळाडू याला 'स्लोहॅक' म्हणत. कॅफेत डीप फ्रीझ ते पुसून टाकायचं, घरच्या पीसीवर मात्र कॉन्फिग नव्याने लिहीत बसावं लागे. पुढे व्हॉल्व्हने सर्व्हरकडून येणाऱ्या अशा ओळी गाळणारं एक व्हेरिएबल दिलं. म्हणजे आलेल्या ओळीवर ती कुणाकडून आली याचा शिक्का मारणं गरजेचं होतं, आणि तेच मूळ रचनेत राहून गेलं होतं.

मग कन्सोल बंद करावा हेच बरं नाही का? कल्याण स्टेशनात याचं उत्तर सापडतं.

रेल्वे १८५३ साली ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. कल्याणला मार्ग फुटतात. एक शहाड, टिटवाळा करत कसाऱ्याकडे जातो, दुसरा विठ्ठलवाडी, अंबरनाथ करत कर्जतकडे. लोकल, मेल, मालगाड्या यांची तिथे अखंड ये-जा असते आणि त्या सगळ्यांचे मार्ग हुकमांनी ठरतात. पॅनलवर बसलेला माणूस दोन बटणं एकदम दाबतो, एक गाडी जिथून सुटणार त्या सिग्नलचं आणि दुसरं ती जिथे जाणार त्या मार्गाचं. त्यावर यंत्रणा आधी पाहते की या मार्गाला छेद देणारा दुसरा मार्ग लागलेला नाही ना, रूळ मोकळा आहे ना. मग सांधे फिरतात, जागेवर बसल्याची खात्री होते, कुलूपबंद होतात, आणि मगच सिग्नल मिळतो. एकही अट पुरी झाली नसेल तर बटण कितीही दाबा, सिग्नल लाल तो लालच. याला इंटरलॉकिंग म्हणतात. सांध्यांचे हुकूम देण्याचा अधिकार कुणी काढून घेतलेला नाही. हुकूम एकमेकांवर अवलंबून ठेवले आहेत. बटण दाबणारा दमलेला असेल, नवखा असेल, घाईत असेल, हे गृहीत धरून ही रचना केलेली आहे.

याहून शिकण्यासारखी गोष्ट आणीबाणीच्या बटणाची. लावलेला मार्ग मोडण्याची वेळ कधी ना कधी येतेच. म्हणून तो हुकूम ठेवलेला आहे, पण मार्ग लगेच सुटत नाही. गाडी सिग्नलजवळ आलेली असेल तर ती थांबेल याची खात्री व्हावी म्हणून १२० सेकंद जावे लागतात. शिवाय प्रत्येक वापरासरशी पॅनलवरचा एक काउंटर एकाने पुढे सरकतो. तो मागे फिरवता येत नाही, आणि आकडा का वाढला ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेलं नसतं तिथे तिसरी तऱ्हा. फाटक बंद केल्यावर गेटमन फोनवरून स्टेशन मास्तरला एक प्रायव्हेट नंबर देतो. तो छापील तक्त्यातून घ्यायचा, एकदा वापरला की खोडायचा आणि दोघांनीही नोंदवायचा. "हो, बंद केलंय" एवढ्या तोंडी शब्दावर गाडी सोडत नाहीत.

यावर कुणी म्हणेल की पॅनल रेल्वेच्या माणसाच्या हातात असतं, प्रवाशाच्या नव्हे. मग गेम खेळणाऱ्याच्या हातात कन्सोल का द्यायचा? आक्षेप रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच कन्सोलच्या रचनेचं मुख्य तत्त्व मिळतं. गेम खेळणारा एकाच वेळी दोन्ही असतो. सामायिक जगात तो प्रवासी आहे, स्वतःच्या यंत्रावर तो स्टेशन मास्तर आहे. तेव्हा कमांडचा अधिकार माणसाच्या दर्जावरून ठरवूच नये. परिणाम कुठवर पोचतो त्यावरून ठरवावा.

असे तीन टप्पे पडतात. परिणाम माझ्याच यंत्रापुरता असेल, म्हणजे माउसचा वेग, अक्षरांचा आकार, बटणांची मांडणी, फ्रेमचा आकडा, तर ती कमांड मला विनाअट मिळाली पाहिजे. परिणाम सगळ्यांच्या सामायिक जगावर होत असेल, म्हणजे गुरुत्वाकर्षण, पैसे, वेळ, तर ती यजमानाच्या हाती असावी आणि बदल सर्वांना त्याच क्षणी कळावा. क्वेकने हे तेव्हाच केलं होतं. सर्व्हरचा शिक्का असलेलं व्हेरिएबल बदललं की नव्या किमतीची ओळ सगळ्या खेळाडूंच्या पडद्यावर उमटायची. आणि परिणाम दुसऱ्याच्या खाजगी यंत्रावर होत असेल, तर ती कमांड कुणालाच नसावी, सर्व्हरलाही नाही. त्याला लागणाऱ्या मोजक्या ओळींची यादी करावी आणि बाकी सगळ्या दारातच थांबवाव्यात. स्लोहॅक हा या तिसऱ्या नियमाचा भंग होता.

व्हेरिएबल कुठे साठवलेलं आहे यावर हे टप्पे ठरवले तर मात्र फसगत होते. भिंतींपलीकडचे त्रिकोण रेषांनी दाखवणारी कमांड माझ्याच पडद्यावर चालते, पण तिने पलीकडे लपलेला माणूस दिसतो. परिणाम त्याच्या जिवावर. क्वेक ३ ने अशा चित्रणाच्या कमांडना चीटचा शिक्का मारला: एकट्याने सराव करताना खुल्या, सामन्यात बंद. काउंटर स्ट्राइकच्या ताज्या आवृत्तीत २०२४ च्या ऑगस्टमध्ये हाच प्रश्न आला. एका बटणावर हालचालीच्या दोन-दोन क्रिया बांधून काही जण बोटांच्या कौशल्याला बगल देत होते. व्हॉल्व्हने कन्सोल बंद केला नाही, बाइंडही बंद केली नाहीत. अधिकृत सर्व्हरांवर तेवढीच एक जात चालेनाशी केली. अट नेमक्या जागी घालणं म्हणजे काय, त्याचा हा चांगला नमुना आहे.

कुलूप लावल्याने काय साधतं ते मोबाइलवर दिसतं. संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये आडवा धरलेला फोन दिसला की त्यावर बऱ्याचदा बीजीएमआय हा गेम असतो. त्याचा मूळ गेम पबजी मोबाइल अनरिअल इंजिन ४ वर बांधलेला, म्हणजे कन्सोलची सगळी व्हेरिएबलं आत हजर. खेळणाऱ्याला मात्र पट्टी नाही. ग्राफिक्सच्या काही किमती एका फाइलमध्ये अक्षरांची अदलाबदल करून, सहज वाचता येऊ नयेत अशा ठेवलेल्या. लोकांनी ती अदलाबदल उलगडली आणि 'जीएफएक्स टूल' नावाच्या ॲपांचं पीक आलं. स्वस्त फोनवर गेम गरम न होता चालावा म्हणून सावल्या बंद करणं, एवढीच बहुतेकांची गरज. ती पहिल्या टप्प्यातली, पूर्ण निरुपद्रवी. पण तिच्यासाठी मुलं कुणा अनोळखी माणसाच्या ॲपला फोनमधल्या फाइलींची परवानगी देतात आणि वर खातं बंद होण्याचा धोका पत्करतात. ज्या कमांड द्यायला हरकत नव्हती त्या दिल्या नाहीत, म्हणून ज्या द्यायला हरकत होती त्याही त्याच चोरवाटेने गेल्या. दार बंद करणाऱ्याने खिडकीवरचा ताबाही गमावला.

मग नव्याने कन्सोल रचणाऱ्याने काय करावं? प्रत्येक कमांड नोंदवताना तिच्याबरोबर सहा गोष्टी लिहिणं सक्तीचं करावं: नाव, एका ओळीची माहिती, मूळ किंमत, किमान-कमाल मर्यादा, बदल केव्हा लागू होतो आणि परिणाम कुणावर. यातली एक जरी रिकामी असली तरी इंजिनने कमांड नोंदवूनच घेऊ नये. हा कडकपणा पहिल्या आठवड्यात जाच वाटतो, तिसऱ्या महिन्यात तारतो. पाचशे कमांड जमल्यावर कुठली कशासाठी होती हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

मर्यादेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. काउंटर स्ट्राइक १.६ मध्ये सुरुवातीचे पैसे ८०० ते १६००० याच मर्यादेत राहतात. लाख टाइप केले तरी सोळा हजारच मिळतात. मर्यादा घालणं बरोबरच. पण बरीच इंजिनं आकडा गुपचूप कापतात आणि माणूस आपला हुकूम पाळला गेला असं समजून बसतो. कन्सोलने कापला तर सांगावं: मागितले एक लाख, कमाल सोळा हजार, सोळा हजार लावले. तसंच लागू होण्याच्या वेळेचं. फ्रीझटाइम, म्हणजे डावाच्या सुरुवातीला सगळ्यांना जागीच थांबवून ठेवणारा वेळ, बदलला तरी चालू डावात काही होत नाही, पुढच्या डावापासून होतं. हे न सांगितल्यामुळे पोरं तीच कमांड पाच वेळा टाइप करत बसायची. नाकारलेल्या कमांडला तर कारण हवंच. 'परवानगी नाही' हे अर्धं उत्तर झालं. परवानगी कुणाला आहे आणि कुठल्या स्थितीत मिळेल, हे पुरं उत्तर. पॅनलवर मार्ग का लागत नाही ते दिव्यांवरून कळतं. पडद्यावर तर वाक्य लिहायला भरपूर जागा असते.

नाश करणाऱ्या कमांडना कल्याणचा न्याय लावावा. साठवलेले सगळे डाव पुसणं, सर्व्हरवरच्या सर्वांना बाहेर काढणं, असल्या कमांड ठेवाव्यात, पण त्यांना ठरावीक अवकाश द्यावा, त्या अवकाशात रद्द करायची सोय द्यावी आणि कुणी, केव्हा वापरली याची न पुसता येणारी नोंद ठेवावी. "तुम्हाला नक्की करायचं आहे का?" असं विचारणारी चौकट यापुढे फिकी आहे, तिच्यावर 'हो' दाबायची हाताला सवय होते. वाट पाहण्याची सवय अशी आंधळेपणाने लागत नाही.

कन्सोलमुळे नवखा माणूस बिचकतो आणि आळशी कंपनी मेनू नीट बनवायचं टाळते, असाही आक्षेप आहे. दुसरा भाग खरा आहे. महत्त्वाची सोय केवळ कन्सोलमध्ये ठेवणं ही पळवाटच. बिचकण्याचं मात्र मला पटत नाही. माइनक्राफ्ट खेळणारी आठ-दहा वर्षांची मुलं तिरकी रेघ टाइप करून पाऊस थांबवतात, मेल्यावर सामान हरवू नये असा नियम बदलतात, कारण टाइप करता करता पुढचे पर्याय समोर उलगडत जातात. त्या गेमच्या सर्व्हरवर ऑपरेटरच्या अधिकाराच्या चार पायऱ्या असतात आणि आपल्या दोस्ताला कुठली द्यायची यावर ही मुलं गंभीरपणे वाद घालतात. प्रत्येक कमांडबरोबर लिहायच्या त्या एका ओळीच्या माहितीचा मजकूर मराठीतही ठेवता येईल. नाव रोमन असलं तरी चालेल. ते काय करतं हे आपल्या भाषेत वाचायला मिळालं की निम्मी भीती जाते. ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्याखेरीज यासाठी फारसं काही करावं लागत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली अनरिअलवर बनवलेला 'राजी' जगभर पोचवला. महाराष्ट्रात बसून गेम बनवता येतो हे आता सिद्ध करायला नको, आणि युनिटी, गोडो किंवा अनरिअल घेऊन धडपडणारी मुलं ठाण्या-डोंबिवलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतूनही भेटतात. युनिटी आणि गोडोमध्ये खेळणाऱ्याला वापरता येईल असा कन्सोल तयार मिळत नाही, तो स्वतः लिहावा लागतो. ही अडचण खरं तर संधी आहे, कारण पहिल्याच दिवसापासून अधिकाराचा विचार करून तो रचता येतो. तो पहिल्या आठवड्यात लिहावा, रोज वापरावा आणि गेम बाहेर पाठवताना कुलूप शोधण्याऐवजी कमांडची यादी छापून हातात घ्यावी. प्रत्येकीपुढे लिहावं: हिचा परिणाम कुणावर? ज्यांच्यापुढे 'फक्त खेळणाऱ्यावर' असं येईल त्या खुल्या सोडाव्यात, उरलेल्यांना अटी घालाव्यात, आणि ज्यांचं उत्तर देता येत नाही त्या मुळात का लिहिल्या ते स्वतःला विचारावं. एवढं केल्यावरही कन्सोल बंद करावासा वाटला तर खुशाल करावा. यादीत बंद करण्याजोगं फारसं काही उरलेलं नसेल.